उंचीप्रमाणे रांग

मनन : मार्क ५:२१-४३



२०२२ च्या नाताळात चर्चच्या आवारात गव्हाणीसमोर काढलेला एक फोटो आमच्याकडे आहे. दृढीकरणाच्या वर्गातली मुलं उंचीप्रमाणे उभी आहेत. मागच्या रांगेत मिसरूड फुटलेली, खांदे रुंद झालेली मुलं, मधल्या रांगेत मुली, आणि अगदी पुढे डाव्या टोकाला पांढऱ्या झग्यातला, पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधलेला एक देवदूत. फोटो बघणारा प्रत्येकजण विचारतो, "हा छोटा कोणाचा? फर्स्ट कम्युनियनच्या वर्गातला का?"

तो छोटा त्या दिवशी साडेतेरा वर्षांचा होता. मागच्या रांगेतल्या दोघांपेक्षा वयाने मोठा.

आम्ही दोघं नवराबायको गेली अकरा वर्षं बेळगावात रविवारच्या मिस्सानंतर दृढीकरणाचा वर्ग घेतो. या पानावर सहसा आम्ही रविवारच्या वाचनांवर मनन लिहितो. आजचं लिखाण थोडं वेगळं आहे आणि ते लिहायचं धाडस व्हायला आम्हाला दोन वर्षं लागली. त्या मुलाने आणि त्याच्या आईने हा मजकूर आधी वाचला आहे. "नाव घालू नका, बाकी सगळं घाला," असं त्यानेच सांगितलं. म्हणून इथे तो नुसता 'तो' आहे.

जून २०२२ मध्ये तो आमच्या वर्गात आला. आई खानापूर तालुक्यातली, वडील शहरात ड्रायव्हर. पाठांतर पक्कं, आवाज गोड, प्रश्न विचारायला पुढे. अंगाने मात्र किरकोळ. सहावीत शिवलेली शाळेची पँट आठवीतही त्याला होत होती. "माझे पैसे वाचवतो ओ टीचर," असं आई हसत सांगायची आणि आम्हीही हसायचो. वाढत्या वयाच्या मुलाची पँट दोन वर्षं आखूड होत नाही, यात हसण्यासारखं काही नाही, हे आमच्या डोक्यात आलंच नाही.

वर्ग चालू असताना तो दोनदा तीनदा बाहेर जायचा. पोटात कळ येते म्हणायचा. एकदा आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "कळ बरोबर पाठांतराच्या वेळीच येते का रे?" मुलं हसली. त्यानंतर तो बाहेर जायचा थांबला. तसाच पोट दाबून बसून राहायचा, हे आम्हाला नंतर कळलं.

नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ व्हायचं होतं. पण देवदूताचा झगा लहान होता आणि तो त्यालाच बसत होता. "पंखात किती गोड दिसतोस!" असं म्हणून आम्ही त्याची समजूत काढली. साडेतेरा वर्षांच्या मुलाला गोड म्हणवून घ्यायचं नसतं. स्वतः आईवडील असूनही आम्ही ते विसरलो.

मग फेब्रुवारी २०२३ मध्ये राखेचा बुधवार आला. उपवासकाळ म्हणजे प्रार्थना, उपवास आणि दानधर्म, हे आम्ही दरवर्षीप्रमाणे शिकवलं. त्या दिवशी बोलण्याच्या ओघात आम्ही असंही म्हणालो की त्याग करून मागितलेलं देव टाळत नाही. चांगलं वाटलं ते वाक्य. मुलांनीही वहीत लिहून घेतलं.

पुनरुत्थानाच्या सणानंतर तो वर्गाला यायचा बंद झाला. आम्ही एकदा फोन केला. आई म्हणाली, बरं नाही. ट्यूशन असेल, क्रिकेट असेल, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी आजाऱ्यांसाठीच्या विनवण्यांत फादरांनी त्याचं नाव घेतलं, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं. दुपारी हॉस्पिटलात गेलो.

आई बाहेर बाकड्यावर बसली होती. "पोट दुखूलालंय म्हणायचा ओ. आम्ही जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली. मग टीबी म्हणाले. सहा महिने गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटायचं, परत तेच." आता दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला होता आणि आजाराचं नाव कळलं होतं : क्रोन्स.

आतड्याचा टीबी आणि क्रोन्स ही जवळजवळ जुळी भावंडं दिसतात. दोन्हींत पोटदुखी, बारीक ताप, वजन घटणं, आतड्यात जखमा. आपल्या देशात टीबी इतका आहे की पुष्कळदा आधी टीबीचं औषध देऊन बघतात आणि आतडं भरून आलं नाही तर दुसरीकडे वळतात. तेव्हा त्या सहा महिन्यांबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. आमचा हिशेब वेगळा आहे. तो त्या दुपारी खाटेवरच्या मुलाने आमच्यासमोर मांडला.

वजन सत्तावीस किलो, उंची एकशे अडतीस सेंटिमीटर, वय साडेचौदा. हाताला सलाईन. आम्ही केळी नेली होती, ती कुठे ठेवायची ते आम्हाला सुचेना. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "टीचर, उपवासकाळात मी चाळीस दिवस डबा खाल्ला नव्हता. शाळेत मित्राला देत होतो. घरी माहीत नाही."

"का रे बाळा?"

"तुम्ही म्हणाला होता ना, त्याग करून मागितलं की देव टाळत नाही."

"काय मागितलंस?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "उंची. आणि आवाज. सगळ्यांचा फुटला, माझाच नाही. पुनरुत्थानाच्या दिवशी सकाळी भिंतीवर मोजलं. तेवढीच होती. म्हणून मग मी आलो नाही."

आम्ही काय उत्तर दिलं, ते आठवत नाही. दिलंच नसेल. ज्या मुलाच्या आतड्याला अन्न पचवणं जड जात होतं, त्याने आमचं वाक्य खरं मानून उरलंसुरलं अन्नही देवाच्या नावाने सोडलं होतं.

बालरोगतज्ज्ञ बाई संध्याकाळी राउंडला आल्या. आईने आम्हालाही आत बोलावलं. बाई मराठीतच बोलल्या आणि मुलासमोर बोलल्या. "त्याच्याबद्दलचं त्याला आधी कळलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या. त्यांनी जे समजावलं ते आम्ही घरी येऊन वहीत उतरवलं. पुढे दोन वर्षं त्यांच्याकडूनच आणखी शिकत गेलो. आमच्यासारख्या पुष्कळ आईवडिलांना आणि शिक्षकांना ते ठाऊक नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वयात येणं सुरू होतं ते मेंदूतून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो ठरावीक वेळाने, सुरुवातीला मुख्यतः रात्री झोपेत, पिट्युटरी ग्रंथीला इशारे पाठवू लागतो. पिट्युटरी मग मुलीच्या बीजांडकोशांना आणि मुलाच्या वृषणांना जागं करते. मुलींत साधारण आठ ते तेरा आणि मुलांत नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान हे सुरू होतं. मुलीत पहिली खूण छातीची वाढ, मुलात वृषणांची वाढ. मिसरूड आणि फुटलेला आवाज हे सगळ्यांना दिसतं, पण ते बरंच नंतर येतं. त्याआधी मूल वर्षाला पाचसहा सेंटिमीटर वाढत असतं. वयात येताना ही वाढ एकदम जोर धरते आणि ऐन भरात मुली वर्षाला आठ, तर मुलं नऊदहा सेंटिमीटर वाढतात.

आता शरीरात कुठेतरी दीर्घकाळ दाह चालू असेल तर काय होतं? बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या घराला आग लागली आणि त्याच आठवड्यात ताईचं लग्न असलं, तर बाबा आधी काय करतील? मांडव घालतील का?" तो म्हणाला, "आग विझवतील." "तुझं शरीर तेच करतंय. लग्न मोडलेलं नाही, पुढे ढकललंय."

क्रोन्समध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आतड्यावर उठते. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये हा आजार नीट वर्णन करून छापला, तेव्हापासून क्रोन यांचं नाव त्याला चिकटलं. या लढाईत टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं रक्तात सुटतात आणि आतड्यापुरती राहत नाहीत. ती मेंदूचे इशारे मंद करतात. वाढीचं हार्मोन शरीरात असूनही यकृत त्याचं ऐकेनासं होतं आणि हाडांना वाढायला सांगणारा आयजीएफ-१ हा पदार्थ कमी तयार होतो. त्यात भूक मेलेली, खाल्लेलं अंगी न लागणारं. अंगावर पुरेशी चरबी नसली की तिच्यातून येणारं लेप्टिन कमी पडतं आणि घरात शिधा नाही असा निरोप मेंदूला जातो. शिवाय अशा आजारांत स्टेरॉइड फार लवकर आराम देतात, पण ती दीर्घकाळ चालली तर तीच वाढ रोखतात.

म्हणजे मुलाचा आळस, आईची हयगय, कोणाची नजर, कोणाचं पाप, यांतलं काहीही कारण नव्हतं. कित्येक मुलांत तर पोटाच्या तक्रारी ठळक व्हायच्या आधीच वाढ मंदावलेली असते. दोन वर्षं आखूड न झालेली ती पँट आमच्या डोळ्यांसमोर होती. तीच पहिली चिठ्ठी होती आणि आम्हाला ती वाचता आली नाही.

बाईंनी त्याच्या डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला होता. हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेवरून हाडांचं वय कळतं. त्याचं आलं साडेअकरा. आई रडू लागली. बाई म्हणाल्या, "आई, ही तर चांगली बातमी आहे. घड्याळ मागे पडलंय, पण चालू आहे. वाढायला अजून जागा आहे." मग त्यांनी दुसरी बाजूही लपवली नाही. ही जागा कायमची राहत नाही. एकदा त्या कूर्चा जुळल्या की हुकलेली उंची परत येत नाही. हाडांत बळ भरायचं वयही हेच असतं. म्हणून आग विझवायला उशीर करायचा नाही.

आणि आग विझवायला त्यांनी पहिलं औषध कोणतं दिलं? अन्न.

सहा ते आठ आठवडे दुसरं काहीही न खाता फक्त एक खास तयार केलेलं, दुधासारखं पातळ अन्न प्यायचं. मुलांच्या क्रोन्सवर हा मान्य उपचार आहे. त्याने आतड्याचा दाह शमतो, पोषण मिळतं आणि स्टेरॉइड टळतात. ऐकायला सोपं वाटतं. पण नोव्हेंबरच्या मध्याला सुरू केलं, म्हणजे नाताळ त्यात आला. घरात कुलकुल आणि करंज्या तळल्या जाताहेत आणि चौदा वर्षांचा मुलगा पेल्यातलं तेच ते पातळ पितोय. आईने तळण बंद करायचं ठरवलं, तर तो म्हणाला, "कर गं. वास तरी येऊ दे."

त्याचा एकच प्रश्न होता : ख्रिस्तप्रसाद घेतला तर चालेल का? फादर म्हणाले डॉक्टरांना विचार. डॉक्टर बाई हसल्या आणि त्यांनी परवानगी दिली. त्या सात आठवड्यांत त्याच्या तोंडात गेलेला घास म्हणजे रविवारचा तेवढाच. ज्या मुलाने देव ऐकत नाही म्हणून चर्च सोडलं होतं, तो त्या एका घासासाठी आईचा हात धरून दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसू लागला. आम्ही त्याला काही शिकवलं नाही. त्या दिवसांत शिकत आम्हीच होतो.

३० जून २०२४ च्या रविवारी मार्कच्या पाचव्या अध्यायाचं वाचन होतं. बाहेर बेळगावचा पाऊस कौलांवर कोसळत होता, फादरांचा आवाज मध्येमध्ये बुडत होता. ही कथा आपल्याला पाठ आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर आपल्या मरणोन्मुख मुलीसाठी येशूच्या पाया पडतो. वाटेत गर्दीत बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. उशीर होतो, मुलगी गेल्याचा निरोप येतो. येशू जातो, तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते.

मुलीचं वय मार्क मुद्दाम सांगतो : बारा वर्षं. आजच्या आपल्या सहावी-सातवीच्या मुलीएवढी, वयात येण्याच्या उंबरठ्यावरची. आणि अगदी शेवटी, सगळे थक्क होऊन उभे असताना, येशू घरच्यांना सांगतो की आता हिला खायला द्या.

इतकी वर्षं आम्ही हे वाक्य शेपटासारखं वाचून सोडून दिलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघंही तिथेच अडकलो. चमत्कार झाल्यावर येशूने आभाराची प्रार्थना सांगितली नाही, नवस फेडायला सांगितलं नाही, उपवास तर नाहीच. वाढत्या मुलीच्या पोटात अन्न जाऊ दे, इतकंच. जीव परत देणं त्याचं काम होतं. त्या जिवाला वाढवण्याचं काम त्याने घरच्यांवर सोपवलं.

मिस्सा संपल्यावर पाऊस थांबेपर्यंत आम्ही पोर्चमध्ये उभे होतो. आमच्या चर्चमधल्या एक वयस्क बाई जवळ आल्या. आम्ही त्यांना वीस वर्षं ओळखतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पोराच्या आईशी मला बोलायचंय. मी पण तीच पोरगी होते."

नवव्या वर्षी त्यांचे गुडघे आणि मनगटं सुजली. सकाळी अंग आखडलेलं, बोटांनी वेणी घालता येत नसे. लहान मुलांचा संधिवात. स्टेरॉइडच्या गोळ्या कितीतरी वर्षं चालल्या. चेहरा फुगला, उंची थांबली. बरोबरीच्या मुलींना पाळी आली, त्यांना आली सतराव्या वर्षी. दर ३ डिसेंबरला आई त्यांना जुन्या गोव्याला सेंट झेवियरच्या फेस्ताला न्यायची आणि येताना गाडीत रडायची. नातेवाईक बायका चारचौघांत विचारायच्या, "झाली का गं मोठी?" त्या म्हणाल्या, "गुडघ्यांचं दुखणं गोळीने कमी व्हायचं. त्या प्रश्नावर गोळी नव्हती. आणि आई कोणाला सांगत नव्हती, मी आईला सांगत नव्हते. दोघी एका घरात, दोघी गप्प."

मार्कने त्या बाईची आणि त्या मुलीची गोष्ट एकातच का गुंफली असेल, ते आम्हाला त्या पोर्चमध्ये थोडं उमगलं. एकीने बारा वर्षं आजार सोसला, दुसरी बारा वर्षांचीच होती. त्या बाईचं दुखणं शरीराच्या अशा जागी होतं, ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. येशूने बाईला गर्दीत बोलू दिलं आणि मुलीच्या खोलीतून मात्र गर्दी बाहेर काढली. कोणाला मोकळं बोलू द्यायचं आणि कोणाला आडोसा द्यायचा, हे त्याला कळत होतं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. ज्याला आडोसा हवा होता त्याला पंख लावून स्टेजवर उभं केलं.

त्या बाई आईला भेटल्या. काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही. फक्त निघताना आईने त्यांच्या मोबाइलवरचा नातवंडांचा फोटो दोन्ही हातांत धरून बघितला, एवढं आम्ही पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. नुसत्या त्या अन्नावर आणि गोळ्यांवर आजार पूर्ण आटोक्यात राहीना, म्हणून टीएनएफला अडवणारं इंजेक्शन सुरू झालं. या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत क्रोन्ससाठी १९९८ मध्ये आणि मुलांच्या क्रोन्ससाठी २००६ मध्ये मान्य झालं. देण्याआधी शरीरात टीबी दडलेला नाही ना, हे तपासावं लागतं. औषध महाग आहे. चर्चमधल्या काही कुटुंबांनी बंद पाकिटं फादरांकडे दिली. कोणासाठी, हे बहुतेकांनी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांना फादरांनी सांगितलं, "याईरच्या मुलीसाठी."

पहिल्या वर्षात तो सहा सेंटिमीटर वाढला, दुसऱ्यात नऊ. २०२५ च्या उन्हाळ्यात एका रविवारी गायनाच्या मध्येच त्याचा आवाज चिरकला. शेजारचा मुलगा हसला. तो मात्र लाजला नाही. वळून आमच्याकडे बघितलं आणि डोळे मोठे केले. आम्ही दोघांनी पुस्तकात तोंड लपवलं.

आजार गेलेला नाही. क्रोन्स बहुधा आयुष्यभर सोबत राहतो. आईवडिलांच्या मानाने व्हायला हवी होती तेवढी उंची कदाचित त्याची होणार नाही. डॉक्टर बाईंनी तेही त्याला सांगून ठेवलंय. "चालेल," तो म्हणाला. "वाढतोय ना."

या दोन वर्षांत आम्ही वर्गात काही गोष्टी बदलल्या. मुलांना उंचीप्रमाणे उभं करत नाही. नाटकात कोणाला काय व्हायचंय, ते आधी विचारतो. वर्गातून बाहेर जायला कोणी परवानगी मागत नाही, उठून जातो. उपवासाबद्दल शिकवताना आधी हे सांगतो की ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि आजाऱ्याला ते मुळीच नाही. औषध आणि अन्न ही देवाचीच देणगी आहे. आणि त्यागाने देवाला बांधता येतं, असं पुन्हा कधी आमच्या तोंडून निघणार नाही.

आईवडिलांनो, तुम्हालाही थोडी विनंती. वर्षातून दोनदा दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजा, तारीख घाला. वर्षाला चार सेंटिमीटरही वाढ होत नसेल, मुलगी तेरा वर्षांची होऊनही छातीची वाढ सुरू झाली नसेल, पंधरा होऊनही पाळी आली नसेल, मुलगा चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची कुठलीच खूण नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुष्कळ मुलं निरोगी असूनही उशिरा वयात येतात, बापही तसाच उशिरा वाढलेला असतो. पण सोबत पुन्हा पुन्हा पोटदुखी, जुलाब, शौचातून रक्त, तोंडात वारंवार फोड, बारीक ताप, सकाळी आखडणारे सांधे, यांपैकी काही असेल तर थांबू नका. आणि मुलाला आधीच असा एखादा आजार असेल, तर डॉक्टरांना आजाराइतकंच वाढीबद्दलही विचारा. लाजू नका. मूल तुमच्याआधी त्याच काळजीत जागं असतं.

मंदिरातल्या बारा वर्षांच्या येशूनंतर शुभवर्तमान थेट तिशीतल्या येशूकडे येतं. मधल्या वर्षांबद्दल लूक एवढंच सांगतो की तो वाढत गेला. नाझरेथच्या त्या घरात त्याचाही आवाज एके दिवशी बदलला असेल, मरियेने त्याचाही झगा खाली सोडून शिवला असेल. आपलं शरीर धारण करणाऱ्याने हे वयही धारण केलं. तेव्हा या वयाबद्दल त्याच्याशी बोलताना आपल्या मुलांना संकोच वाटायचं कारण नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं दृढीकरण झालं. बिशपांनी कपाळाला तेल लावलं. नंतर फोटोसाठी आम्ही म्हणालो, "जिथे पाहिजे तिथे उभे राहा." तो सरळ मागच्या रांगेत गेला. पुढच्यांच्या खांद्यांमुळे तो फोटोत नीट दिसत नाही. कपाळ तेवढं दिसतंय, तेलाने चमकणारं.

प्रार्थना करू या.

हे प्रभो येशू, याईरच्या घरी तू गर्दी बाहेर काढलीस आणि एका मुलीचा हात धरलास. ज्यांची वाढ आजाराने अडली आहे, अशा सगळ्या मुलामुलींचा हात धर. त्यांच्या आईवडिलांना धीर दे, डॉक्टरांच्या हाताला यश दे. आमच्या जिभेला लगाम दे आणि आमच्या नजरेला समज दे. तू उठवलेल्या लेकरांना खायला द्यायचं काम आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.